फेदर रीड गवत: निवड, लागवड आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि जर्मनीत राहणारे मराठी बागप्रेमी या गवताबद्दल सतत विचारत असतात. अलीकडे पुण्या-नाशिकहूनही विचारणा होते. महाराष्ट्रातल्या वाचकांनी आधी प्रश्न १८ वाचावा आणि मगच खरेदीचं बघावं. महिने आणि ऋतू सगळीकडे उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांचे आहेत.

१. रस्त्याकडेला, मॉलच्या पार्किंगमध्ये सरळसोट उभं असलेलं, गव्हाच्या रंगाच्या तुऱ्यांचं गवत दिसतं. तेच का हे?

बहुतेक वेळा तेच. त्याचं नाव कॅलामॅग्रॉस्टिस ॲक्युटिफ्लोरा आणि सर्वांत जास्त लावली जाणारी जात 'कार्ल फोर्स्टर'. युरोपातल्या दोन रानगवतांचा हा नैसर्गिक संकर आहे. कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) हे जर्मनीतल्या पॉट्सडॅमजवळच्या बॉर्निमचे रोपवाटिकाकार. त्यांनी हे गवत १९३०च्या दशकात हॅम्बुर्गच्या वनस्पती उद्यानात हेरलं आणि आपल्या रोपवाटिकेतून पुढे आणलं. बॉर्निमची त्यांची बाग आजही पाहायला मिळते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या वोल्फगांग ओमे आणि जेम्स व्हॅन स्वीडन या उद्यानरचनाकारांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरलं. २००१ साली तिथल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने त्याला वर्षाची वनस्पती म्हणून निवडलं.

पात्यांचा ठोंब दोन ते तीन फुटांचा होतो. तुऱ्यांसह उंची पाच-सहा फुटांवर जाते, घेर मात्र दोन-अडीच फुटांतच राहतो. छोट्या बागेत हे गवत इतकं सोयीचं पडतं ते त्यामुळेच.

२. वर्षभर ते कसं दिसतं? हिवाळ्यात बाग उजाड वाटते म्हणून विचारतोय.

मार्चमध्ये, बाकी बाग झोपलेली असताना, याचे हिरवे कोंब वर येतात. जूनमध्ये ते निसवतं. तेव्हा तुरे मोकळे, पिसांसारखे आणि जांभळट झाक असलेले असतात. जुलैनंतर ते मिटत जाऊन निमुळते होतात आणि गव्हाळ रंग धरतात. त्याच रंगात ते थेट फेब्रुवारीपर्यंत उभे राहतात. सकाळी तुऱ्यांवर हिमकण साचतात आणि मागून कोवळं ऊन येतं, तेव्हा थंड देशांतल्या बागेत याच्या तोडीचं फार थोडं काही असतं. हिवाळ्यासाठी एकच गवत लावायचं असेल तर हेच लावा.

३. 'कार्ल फोर्स्टर', 'ओव्हरडॅम', 'ॲव्हलांच', 'एल्डोराडो'... घेऊ कोणतं?

पहिल्यांदाच लावत असाल तर 'कार्ल फोर्स्टर'. ते सर्वांत दणकट आहे, चिकणमातीतही तग धरतं आणि कुठल्याही बऱ्या रोपवाटिकेत मिळतं.

बाकीच्या तिन्ही जाती पट्टेदार पानांच्या आहेत. 'ओव्हरडॅम'च्या पात्यांना पांढरी किनार असते. वसंतात ते फार देखणं दिसतं, पण दमट आणि उष्ण उन्हाळ्यात मलूल होतं. ॲटलांटा किंवा ह्यूस्टनकडच्या लोकांनी त्याच्या वाटेला न जाणंच बरं. सिॲटल, लंडन किंवा डेन्मार्कच्या हवेत ते छान रमतं. 'ॲव्हलांच'मध्ये उलटं, पांढरा पट्टा पात्याच्या मधोमध असतो, आणि ते 'ओव्हरडॅम'पेक्षा काटक आहे. 'एल्डोराडो'चा मधला पट्टा सोनेरी असतो. पट्टेदार जातीत कधी एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघतो. तो जोमाने वाढून बाकीच्यांना दाबतो, म्हणून दिसताक्षणी मुळासकट काढावा.

बागेत ऊन कमी असेल तर या सगळ्यांना बाजूला ठेवून प्रश्न १२ मधलं कोरियन गवत बघा.

४. ऑनलाइन 'कार्ल फोर्स्टर'च्या बियांची पाकिटं फार स्वस्त मिळतात. घेऊ का?

अजिबात नको. हा संकर वांझ आहे, त्याला रुजणारं बी धरतच नाही. त्यामुळे पाकिटात 'कार्ल फोर्स्टर' असूच शकत नाही. दुसरंच कुठलं तरी गवत असतं. त्यातून याच्या पालकांपैकी एखादं, म्हणजे जमिनीखाली मुळं पसरवणारं कॅलामॅग्रॉस्टिस एपिजेओस, बागेत शिरलं तर काढता काढता नाकीनऊ येतील. हे गवत ठोंब फोडूनच वाढवतात. रोप घ्या, किंवा शेजाऱ्याकडून ठोंबाचा तुकडा मागून आणा (प्रश्न ९).

५. रोपवाटिकेत रोप निवडताना काय बघायचं?

कुंडी हलकेच आडवी करून रोप जरा बाहेर ओढा. पांढरट, ताजी मुळं मातीला धरून असली पाहिजेत. मुळांनी कुंडीत गोल गोल वेटोळी घातली असतील तर रोप फार दिवस अडकून पडलंय. तेही चालेल, पण लावताना ती वेटोळी हाताने सोडवा किंवा चाकूने उभे छेद द्या. पानांवर नारिंगी पूड दिसली तर ते रोप सोडून द्या, तो तांबेरा आहे.

मोठ्या कुंडीवर पैसे घालवायची गरज नाही. एका गॅलनच्या कुंडीतलं रोप दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी महागड्या रोपाच्या बरोबरीला येतं.

६. जागा, माती आणि अंतर याचं गणित सांगा.

ऊन हवं. दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन मिळालं पाहिजे, नाहीतर ठोंब सैल पडतो आणि तुरे विरळ येतात. मातीबद्दल हे गवत कुरकुर करत नाही: चिकण, वाळूमिश्रित, ओलसर, सगळी चालते. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठही ते बऱ्यापैकी सोसतं, म्हणून फुटपाथलगत लावता येतं. फक्त हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे पाणी साचून राहणारी जागा टाळा.

दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवा. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद घ्या, पण कुंडीइतकाच खोल. जिथून फुटवे निघतात तो ठोंबाचा गड्डा जमिनीच्या पातळीवर आला पाहिजे. खाली गाडला गेला तर कुजतो. वसंत हा लावणीचा सर्वांत चांगला काळ. सप्टेंबरमध्येही लावता येतं, मात्र जमीन गोठण्याआधी मुळं धरायला सहा-आठ आठवडे मिळायला हवेत.

७. पाणी आणि खत किती?

पहिलं वर्ष पाण्याचं. पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा खोलवर भिजवा. रोज थोडं थोडं शिंपडल्याने मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून फक्त लांबलेल्या कोरड्या हवेत पाणी लागतं.

खत जवळजवळ नकोच. वसंतात ठोंबाभोवती पसाभर कंपोस्ट पसरलं की झालं. हिरवळीवर टाकायचं नत्रयुक्त खत इथे टाकू नका. त्याने पाती फोफावतात, काड्या मऊ होतात आणि पहिल्याच वादळी पावसात गवत आडवं होतं.

८. छाटणी नक्की कधी करायची? शेजारी ऑक्टोबरमध्येच सगळं साफ करतात.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं.

छाटणी हिवाळा सरताना करायची. न्यू जर्सी किंवा दक्षिण इंग्लंडमध्ये फेब्रुवारीअखेर, टोरांटो किंवा शिकागोत मार्चमध्ये. नवे कोंब दोन-तीन इंचांच्या वर जाण्याआधी हे काम उरकलं पाहिजे.

कारण असं. गवतांचे दोन स्वभाव असतात, आपल्याकडच्या रब्बी आणि खरीप पिकांसारखे. फेदर रीड रब्बीच्या स्वभावाचं: थंडी ओसरू लागली की लगेच फुटतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर निसवतं. मिस्कॅन्थस किंवा स्विचग्रास खरीपवाले; ते मे महिन्यापर्यंत हलत नाहीत, त्यामुळे त्यांची छाटणी एप्रिलमध्येही चालते. दोन्ही एकाच दिवशी, एप्रिलच्या मध्यावर कापायला गेलात तर मिस्कॅन्थसला काही होत नाही, पण फेदर रीडचे नवे शेंडे कापले जातात. त्या वर्षी पात्यांची टोकं चौकोनी, बोथट दिसतात आणि तुरे कमी येतात.

ऑक्टोबरची सफाई मला मनापासून पटत नाही. जे बघायला हे गवत लावलं ते पाच महिन्यांचं दृश्यच त्यात जातं. वाळकी पाती ठोंबाच्या गड्ड्याला पांघरूण देतात, पक्षी आणि उपयोगी कीटक त्यांत हिवाळा काढतात. शेजारी हळूहळू बघून शिकतात. वेळेआधीच कापावं लागेल असा एक अपवाद मात्र आहे, तो प्रश्न १६ मध्ये.

कापताना आधी हातमोजे घाला. पात्यांच्या कडांनी बोटं चिरतात. मग ठोंबाला कमरेच्या उंचीवर सुतळीने किंवा चिकटपट्टीने घट्ट आवळा. बांधलेल्या जागेच्या खाली, जमिनीपासून चार ते सहा इंच सोडून कापा. दोन-तीन ठोंब असतील तर धारदार विळा किंवा कात्री पुरते, रांग असेल तर कुंपण छाटायचं विजेचं यंत्र आणा. आधी बांधलेलं असल्यामुळे सबंध पेंढी एका हातात उचलता येते आणि अंगणभर काड्या होत नाहीत. या काड्यांचे तुकडे करून झाडांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरले तर बी रुजण्याची भीती नसते.

९. ठोंब मधून पोकळ झालाय, कडेनेच हिरवा आहे. मेला का?

नाही, वय झालंय. तीन ते पाच वर्षांनी जुना ठोंब मधून वाळू लागतो. छाटणी झाल्या झाल्या, कोंब बोटभर असताना, तो सगळा खणून काढा. मुळं फार चिवट असतात. खुरप्याचं हे काम नाही, धारेची कुदळ किंवा जुनी करवत घ्या. चार तुकडे करा, मधला वाळका भाग कंपोस्टमध्ये टाका आणि कडेचे जोमदार तुकडे प्रश्न ६ मधल्या पद्धतीने लावा. हवेत वाळू न देता तासाभरात लावलेत तर जवळजवळ सगळे जगतात. कडक उन्हाळ्यात हा उद्योग करू नका.

१०. तिसरं वर्ष आलं, पाती भरपूर आहेत, पण तुरेच नाहीत. का?

चार कारणं तपासा. सावली: शेजारचं झाड वाढलं की तीन वर्षांपूर्वीची उन्हाची जागा आता उन्हाची राहत नाही. उशिरा छाटणी (प्रश्न ८). ठोंबाचं वय (प्रश्न ९). आणि थंडीचा अभाव: या गवताला निसवायला आधी हिवाळी गारठा लागतो. फ्लोरिडाच्या दक्षिण भागात किंवा थंडी नावालाच पडते अशा ठिकाणी पाती वाढतात आणि तुऱ्यांची वाट बघत बसावं लागतं. तिथे दुसरं गवत निवडणं हाच उपाय.

लावल्याच्या पहिल्या वर्षी तुरे न येणं किंवा दोन-चारच येणं अगदी नेहमीचं आहे.

११. पावसाने सगळं आडवं झालं. काठ्या लावू का?

एक दिवस थांबा. मुसळधार पावसात तुरे पाण्याच्या भाराने वाकतात आणि वाळले की आपोआप उभे राहतात. हा या गवताचा मोठा गुण. दोन दिवसांनीही पडलेलंच असेल तर सावली किंवा जास्तीचं खत याकडे बघा. जड, ओला बर्फ पडल्यावर मात्र काड्या मोडतात आणि पुन्हा उठत नाहीत. मोडलेल्या तेवढ्या काढून टाका, बाकी राहू द्या.

१२. आमच्याकडे दुपारनंतर पूर्ण सावली असते. काही मार्ग?

कोरियन फेदर रीड लावा, म्हणजे कॅलामॅग्रॉस्टिस ब्रॅकिट्रिका. काही पाट्यांवर ते ॲक्नाथेरम या नावाने दिसेल. मूळ पूर्व आशियातलं हे गवत अर्ध्या सावलीत चांगलं येतं. उंची तीन-चार फूट, बांधा थोडा झुकलेला, आणि तुरे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये येतात, गुलाबी-राखाडी, भरदार. दव पडल्यावर ते जे दिसतात ते एकदा बघाच. न्यूयॉर्कच्या हाय लाइन या उंचावरच्या बागेत ते लावलेलं आहे, शरदात तिकडे जाणं झालं तर थांबून पाहा.

दोन फरक लक्षात ठेवा. याला ओल जास्त लागते. आणि हे वांझ नाही, आसपास थोडी रोपं उगवतात. लहान असतानाच उपटा.

१३. पानांवर नारिंगी ठिपके आणि हाताला लागणारी पूड आहे.

तांबेरा. गव्हावर येतो त्याच जातकुळीतला बुरशीजन्य रोग. दमट उन्हाळा, दाटीवाटी आणि संध्याकाळी पानांवर पडणारं पाणी या तिन्हींमुळे तो बळावतो. फवारणीच्या मागे लागू नका. फवाऱ्याऐवजी मुळाशी पाणी द्या, फार रोगट पाती कापून कचऱ्यात टाका (कंपोस्टमध्ये नको) आणि पुढच्या वसंतात एकाआड एक ठोंब काढून अंतर वाढवा. ठोंब सहसा मरत नाही.

१४. हे गवत बागभर पसरेल का? पंपास गवताबद्दल फार वाईट ऐकलंय.

'कार्ल फोर्स्टर' आणि त्याच्या पट्टेदार बहिणी पसरत नाहीत. बी नाही, मुनवे (जमिनीलगत पसरणारे फुटवे) धावत नाहीत, ठोंब दरवर्षी थोडा रुंद होतो इतकंच. शेजारी लावण्याआधी दोनदा विचार करावा ती गवतं वेगळी: कॅलिफोर्नियात पंपास आणि फाउंटन ग्रास रानात घुसली आहेत, अमेरिकेच्या पूर्व भागात मिस्कॅन्थस बी टाकून पसरतं, आणि हिरवं फाउंटन ग्रास (पेनिसेटम सेटेशियम) युरोपीय संघाच्या उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत आहे. गवत निवडताना रूपाआधी हा प्रश्न विचारला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

१५. शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर आडोसा हवाय. आणि बाल्कनीत कुंडीत येईल का?

आडोसा होईल, पण जून ते फेब्रुवारी. छाटणीनंतर तीन महिने तिथे काहीच नसेल. एका रांगेत, दीड ते दोन फुटांवर लावा. बारमाही आडोसा हवा असेल तर मध्ये सदाहरित झुडपं घ्या. सोबतीला इकिनेशिया, रुडबेकिया, रशियन सेज आणि सेडम ही फुलझाडं शोभतात.

कुंडी किमान दीड फूट रुंद आणि खाली भोकं असलेली घ्या. कुंडीत मुळांना सगळीकडून थंडी लागते, म्हणून फार गारठ्याच्या भागात ती भिंतीला टेकवून गोणपाटाने गुंडाळा. पाणी जमिनीपेक्षा बरंच जास्त लागेल, आणि दर दोन वर्षांनी ठोंब फोडावा लागेल.

१६. वणव्याचा धोका असलेल्या भागात राहतो. वाळकं गवत घराजवळ ठेवू का?

नको. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो किंवा ऑस्ट्रेलियात वणव्याच्या पट्ट्यात घर असेल तर हे गवत भिंतीला, लाकडी डेकला किंवा कुंपणाला लागून लावूच नका. लांब लावलेलं गवतही वणव्याचा हंगाम लागायच्या आत कापून टाका, मग छाटणी लवकर झाली तरी हरकत नाही. इथे सौंदर्याचा हिशेब दुय्यम. ऑस्ट्रेलियावाल्यांनी महिने उलटे धरावेत.

१७. तुरे गौरी-गणपतीच्या आराशीत वापरता येतील का? किती आधी कापायचे?

हो, आणि फार सुंदर दिसतात. तुरे पूर्ण उघडल्यावर, पण गव्हाळ होण्याआधी, म्हणजे जूनअखेर कापले तर जांभळट रंग थोडा टिकतो. सोनेरी रंग हवा असेल तर ऑगस्टमध्ये कापा. दव वाळल्यावर, लांब देठासकट कापून दहा-बाराची जुडी बांधा आणि अंधाऱ्या, हवेशीर खोलीत दोन-तीन आठवडे उलटी टांगा. बी नसल्यामुळे घरभर सांडत नाही. समई आणि निरांजनापासून मात्र लांब ठेवा. वाळका तुरा क्षणात पेटतो. एका ठोंबावरून दहा-पंधरा तुरे काढले तर बागेतली शोभा कमी होत नाही.

१८. पुण्यात, नाशिकला, कोकणात हे गवत येईल का?

नाही, आणि मागवून पैसे वाया घालवू नका. प्रश्न १० मध्ये सांगितलेला गारठा आपल्याकडे नाही, आणि एप्रिल-मेचा उन्हाळा याला झेपत नाही. महाबळेश्वरला हवा थंड असते, पण पावसाळाभर धुकं आणि संततधार. म्हणजे तांबेऱ्याला आमंत्रण.

पण उभे ठोंब, वाऱ्यावर डोलणारे तुरे आणि वाळल्यावरचा सोनेरी रंग हे सगळं आपल्याच गवतांतून मिळतं, आणि रोपवाटिकांनी ती ठेवायला हवीत असं मला फार वाटतं.

वाळा हे पहिलं नाव. पाच फुटांपर्यंत सरळ वाढतो, खाली मुळं खूप खोल जातात, उतारावरची माती धरून ठेवतो, पावसाळ्यात पाय ओले झालेले चालतात आणि नंतर कोरडंही सोसतो. जांभळट, नाजूक तुरे येतात. फुटवे एक-दीड फुटावर लावा.

रोशा गवत खानदेशातल्या डोंगरउतारांवर आहे. त्याच्या सुगंधी तेलासाठी तो भाग पूर्वीपासून ओळखला जातो. पावसाळा संपताना त्याचे तुरे तांबूस होतात. रंगासाठी याच्याइतकं देखणं देशी गवत मला दुसरं सुचत नाही. मारवेल बुटकं, वाफ्याच्या कडेला चांगलं. गवती चहाला तुरा क्वचितच येतो, पण कारंज्यासारखा झुकलेला ठोंब हवा असेल तर तो आणि वर चहालाही उपयोगी. कुसळी गवत माळावर फार सुरेख दिसतं, मात्र त्याची कुसळं कपड्यांत आणि कुत्र्यांच्या केसांत घुसतात, पायवाटेजवळ नको.

नर्सरीत जांभळं फाउंटन ग्रास मिळतं. 'रुब्रम' नावाची ती जांभळी जात सहसा बी धरत नाही, कुंडीत लावायला हरकत नाही. हिरवं मात्र टाळा, कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

या गवतांची छाटणी मेअखेर, पहिल्या पावसाच्या आधी करा. तोवर वाळकी पाती उभी राहू द्या, आणि माळाला लागून घर असेल तर वणव्याची काळजी प्रश्न १६ प्रमाणेच घ्या.